लियोंला जास्त दिवस का? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

गेल्या अंकात मी पॅरिस आणि लियों या फ्रान्समधल्या दोन शहरांबद्दल लिहिलं होतं. त्यात एक वाक्य ठासून लिहिलं होतं : सोलापूरच्या माणसानं फ्रान्सला जायचं ठरवलं, तर पॅरिसपेक्षा लियोंला जास्त दिवस द्यावेत. त्या वाक्यावर बरीच पत्रं आली. काही रागाची, पण बहुतेक उत्सुकतेची. मी शाळेत भूगोल शिकवला आणि माझे वडील चादरीच्या कारखान्यांसाठी जॅकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राचे, भोकांचे पत्ते पाडायचे. या दोन्ही गोष्टी माझ्या उत्तरांत डोकावणारच. निवडक प्रश्न घेते.

बाई, सगळ्या टूर पॅरिस दाखवून थेट स्वित्झर्लंडला नेतात. लियोंचं नाव कुठल्याच यादीत नसतं. मग तुम्ही पॅरिसला मागं का ढकलता?
– निवृत्त बँक कर्मचारी, विजापूर रोड, सोलापूर

पॅरिसला कमी लेखायचं माझ्या मनात अजिबात नाही. एकट्या नोत्र दामसाठी पॅरिसला जावं. १५ एप्रिल २०१९ ला त्या चर्चला आग लागली, छप्पर जळालं, मनोरा कोसळला. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं. नव्या छपरासाठी सुतारांनी ओकची खोडं जुन्या पद्धतीनं कुऱ्हाडीनं तासून वासे घडवले. आतला दगड धुऊन स्वच्छ केलाय, उजेड पडला की सगळं चर्च पांढुरकं दिसतं. आत जायला तिकीट नाही. चर्चच्या संकेतस्थळावर वेळ राखून ठेवता येते, तेही फुकट.

पण पॅरिसमध्ये आपला दिवस दुसऱ्यांच्या घड्याळावर चालतो. लुव्र या संग्रहालयाची वेळ ठरलेली, आयफेल टॉवरची वेळ ठरलेली, दोन्हीकडं सुरक्षा तपासणीची रांग. मोनालिसाचं चित्र जेमतेम ७७ सेंटिमीटर उंचीचं, आणि त्याच्यासमोर शेकडो माणसं हात वर करून फोटो काढत असतात. तिथं उभं राहून चित्र बघितलं असं कुणी म्हणू नये. त्याच लुव्रमध्ये मेसोपोटेमियाच्या दालनात हम्मुराबीचा कायदे कोरलेला काळा शिलास्तंभ आहे. आपण शाळेत शिकलो तोच. तिथं मी निवांत बसले, कुणी हटकलं नाही. लुव्र मंगळवारी बंद असतं, आणि जानेवारी २०२६ पासून आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या प्रवाशांना तिकीट ३२ युरो झालंय. तेव्हा जायचंच तर कुठली दालनं बघायची ते घरूनच ठरवून जा.

आता लियों. रोन आणि सोन या दोन नद्यांचा इथं संगम आहे. दोन्ही नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात बाजारपेठ आणि भलाथोरला बेलकूर चौक. पश्चिमेला फूर्व्हिएरची टेकडी, उत्तरेला क्रुआ-रूसची. तिथली माणसं पहिलीला प्रार्थना करणारी टेकडी म्हणतात आणि दुसरीला काम करणारी. इसवी सनापूर्वी ४३ मध्ये रोमनांनी फूर्व्हिएरवर लुग्दुनुम नावाचं शहर वसवलं. त्यांचं दगडी रंगमंदिर अजून आहे, उन्हाळ्यात तिथं संगीताचे कार्यक्रम होतात, आणि एरवी पायऱ्यांवर बसून डबा खायला कुणाची हरकत नसते. खाली सोन नदीच्या काठी जुनं शहर. या सगळ्या भागाला १९९८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

एवढं सगळं पायी होतं. एका चौकातून दोनदा गेलं की तो ओळखीचा होतो, पाववाली तिसऱ्या दिवशी हसून बघते. आणि क्रुआ-रूसबद्दल पुढच्या उत्तरात सांगते, कारण माझं खरं कारण तेच आहे.

आमचा चादरी-टॉवेलचा छोटा कारखाना आहे. वडिलांनी आयुष्य मागावर काढलं, पुण्याच्या पुढं कधी गेले नाहीत. त्यांना लियोंला न्यावं असं तुमचा लेख वाचून वाटलं. त्यांना मराठी आणि तेलुगूच येतं. काय दाखवू?
– एक तरुण कारखानदार, अशोक चौक, सोलापूर

नक्की न्या. मागासमोर उभं राहिल्यावर त्यांना दुभाष्या लागणार नाही.

सकाळी लवकर निघा. मधल्या पट्ट्यातल्या ओतेल द व्हील स्थानकावरून मेट्रोची सी लाइन धरा. ही मेट्रो दातेरी रुळावरून टेकडी चढते, चढ अंगाला जाणवतो. क्रुआ-रूस स्थानकाला उतरून वर आलात की चौकात एक पुतळा दिसेल. जोसेफ मारी जाकार, जन्म १७५२, मृत्यू १८३४, विणकराचा मुलगा. आपल्याकडं ज्याला जॅकार्ड म्हणतात, ज्याच्यातून चादरीवरचा मोर, फुलं, वेलबुट्टी उतरते, ते यंत्र या माणसाच्या नावाचं. सोलापूरच्या पूर्व भागात पिढ्यान् पिढ्या हजारो घरांची चूल ज्याच्यावर पेटली त्याचा पुतळा बघताना तुमच्या वडिलांना काय वाटेल ते मी सांगायला नको.

तिथून चालत काही मिनिटांवर ‘मेझों दे कानू’ आहे. कानू म्हणजे लियोंचे रेशीम विणकर. आत लाकडी हातमाग आहेत, वर जॅकार्ड चढवलेलं, आणि माणूस समोर बसून विणून दाखवतो. माहिती बहुतेक वेळा फ्रेंचमधून असते, इंग्रजी फेरी मिळते का आणि किती वाजता ते आधी विचारून घ्या. वडिलांना सांगा, पत्त्यांच्या माळेकडं बघा, धागे उचलणाऱ्या वरच्या आकड्यांकडं (हुकांकडं) बघा, खाली लोंबणाऱ्या वजनांकडं बघा. रेशमाचा ताणा, म्हणजे उभे धागे, इतका बारीक की बोटाला लागतो पण डोळ्याला चटकन दिसत नाही. आपला माग मोटारीवर धडधडतो, तिथला पायानं चालतो. वरचं काम मात्र तेच.

माझ्याबरोबर माझ्या वन्सं होत्या. लग्न होऊन सासरी गेल्यापासून त्यांनी घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. दाखवणाऱ्या बाईंच्या ताण्यातला एक धागा तुटला, तेव्हा वन्संनी न राहवून हात पुढं केला. त्या बाईंनी बाजूला सरकून जागा दिली. वन्संनी विणकराची गाठ मारली, बाईंनी ती भिंगातून बघितली आणि मग स्वतः तशीच गाठ मारून दाखवली. दोघींच्या गाठी एकच होत्या. मी भेट म्हणून एक लहान चादर नेली होती. ती हातात घेतल्यावर त्यांनी सगळ्यात आधी उलटी करून मागची बाजू बघितली. दोन्हीकडं तीच नक्षी, फक्त रंग अदलाबदल झालेले. त्यांनी सहकाऱ्यांना हाक मारून बोलावलं आणि सगळे ती चादर उलटसुलट करत बघत बसले. ज्याला माग कळतो तो कापडाची पाठ बघतो, हे वडील नेहमी म्हणायचे.

बाहेर आलात की घरांकडं बघा. माळे चांगले चार मीटर उंचीचे, खिडक्या लांबलचक. हे सगळं मागासाठी. जॅकार्ड चढवलेला माग खाली असलेल्या जुन्या शहराच्या बुटक्या खोल्यांत मावेना, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विणकरांची वस्ती या टेकडीवर आली. उजेडाच्या बाजूला माग, मागल्या कोपऱ्यात लाकडी पोटमाळा, त्यावर कुटुंब झोपायचं. आज त्याच खोल्या महागड्या भाड्यानं जातात. तुमच्या वडिलांना त्या भिंतीआड मागाचा धोटा ऐकू येईल, बाकीच्यांना नुसती जुनी इमारत दिसेल.

मग चालत उतरा. उतारावर त्राबूल लागतील. या गल्लीतून त्या गल्लीत इमारतीच्या पोटातून जाणाऱ्या या वाटा, आपल्या जुन्या वाड्यांतल्या बोळांसारख्या. रेशमाचे तागे पावसात न भिजता खाली व्यापाऱ्याकडं पोचवायला त्यांचा उपयोग व्हायचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध लढणाऱ्यांनी याच वाटा वापरल्या. सगळ्यात भव्य कूर दे व्होरास. अंगणात सहा मजली दगडी जिना उघड्यावर उभा आहे. अशा वाटांचं दार बंद दिसलं तरी सकाळच्या वेळी दाराशेजारचं बटण दाबलं की पुष्कळदा उघडतं. आत लोक राहतात, म्हणून आवाज न करता जा.

या जिन्यापाशी वडिलांना १८३१ ची हकिकत सांगा. तिथंही रेशीम व्यापाऱ्याचं, माग विणकराचा, मजुरी कामावर. मजुरीचा किमान दर ठरला, काही व्यापाऱ्यांनी तो मानला नाही, आणि नोव्हेंबर १८३१ मध्ये ही टेकडी पेटून उठली. काळ्या निशाणावर त्यांनी लिहिलं होतं : काम करून जगू, नाहीतर लढून मरू. विणकरांनी शहर ताब्यात घेतलं. पुढं सैन्य आलं आणि ठरलेला दर रद्द झाला. १८३४ मध्ये पुन्हा उठाव झाला, त्यात शेकडो माणसं मेली. १९३० चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे ज्यांच्या घरात बोलले जातात, अशा सोलापूरकराला ही गोष्ट परकी वाटत नाही.

मेट्रोनं पुढं एनों स्थानकाला गेलात तर विणकरांची भिंत बघा. बाराशे चौरस मीटरची एक सपाट भिंत, तिच्यावर पायऱ्या, घरं, माणसं अशी रंगवली आहेत की पाऊल टाकायला जावं. १९८७ मध्ये ती पहिल्यांदा रंगवली, आणि वस्ती बदलते तसं मधूनमधून चित्रही बदलतात.

एक गोष्ट मनात सलते ती इथंच लिहिते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. पण नातवाला हात धरून नेऊन, चालू असलेल्या जुन्या मागासमोर उभं करून, ‘बघ, आपल्या घरात हे चालायचं’ असं सांगावं तर कुठं न्यायचं? लियोंमध्ये विणकरांची एक संस्था जुन्या घरांतले माग तसेच चालू ठेवते, आणि शाळेची मुलं तिथं रांगेनं येतात. आपल्याकडं पत्ते पाडणारे, जॅकार्ड बांधणारे जाणते मिस्त्री अजून आहेत. जुने माग भंगारात किलोवर जातात. एक शेड, दोन हातमाग, एक जुना यंत्रमाग आणि एक म्हातारा मिस्त्री एवढ्यावर हे उभं राहील. तुमच्यासारख्या तरुण कारखानदारांनी हे मनावर घ्यावं, मी माझ्या वडिलांची पंचिंगची हत्यारं द्यायला तयार आहे.

बाई, मी तुमचा विद्यार्थी, आता पुण्यात संगणक क्षेत्रात आहे. पत्त्यांची कल्पना जाकारची एकट्याची का? आणि संगणकाशी तिचं नातं खरं की नुसतं बोलण्यापुरतं?
– माजी विद्यार्थी, पुणे

एकट्याची नाही. लियोंमध्येच बाझील बूशोंनं १७२५ मध्ये भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी वापरली. मग फाल्कोननं कागदाऐवजी एकमेकांना बांधलेले पत्ते आणले. व्होकांसोननं १७४० च्या दशकात सगळं मागाच्या डोक्यावर नेलं. जाकारनं १८०० च्या सुमारास हे सगळं जुळवून रोज चालवता येईल असं यंत्र केलं. त्याआधी नक्षीच्या मागाला दोऱ्या ओढायला वेगळा माणूस लागायचा, बहुतेकदा पोरसवदा. ते काम पत्त्यांनी घेतलं.

तत्त्व तुला माहीतच आहे, पण वडील मला ज्या शब्दांत सांगायचे तसं लिहिते. भोक असलं की सुई आत जाते, आकडा जागेवर राहतो आणि धागा उचलला जातो. भोक नसलं की सुई मागं ढकलली जाते, आकडा सुटतो, धागा खालीच राहतो. एका पत्त्यावर बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, एक ओळ. वडील ग्राफच्या कागदावर मोर काढायचे, चौकोन चौकोन मोजायचे आणि एकेक पत्ता पाडायचे.

संगणकाशी नातं खरं आहे. लियोंमध्ये १८३९ मध्ये जाकारचं चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० पत्ते लागले. इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजकडं त्याची एक प्रत होती, आणि आपल्या गणनयंत्राला आज्ञा देण्यासाठी त्यानं हेच पत्ते योजले. पुढं अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथनं भोकं पाडलेले पत्ते वापरले.

व्होकांसोनचा माग बघायचा असेल तर पॅरिसमध्ये ‘म्युझे दे आर्त ए मेतिए’ला जा. एका जुन्या मठात हे यंत्रांचं संग्रहालय आहे, पृथ्वी फिरते हे दाखवणारा फूकोचा लंबकही तिथंच. मेट्रोचं स्थानक त्याच नावाचं, आणि ११ नंबर लाइनचा फलाट सगळा तांब्यानं मढवलेला. संग्रहालय सोमवारी बंद. आयफेल टॉवरच्या मानानं इथं माणूस दिसत नाही. पॅरिसचं एकच संग्रहालय बघायला वेळ असेल तर तुझ्यासारख्यानं लुव्र सोडून हेच बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही शुद्ध शाकाहारी. अंडंही नाही. फ्रान्समध्ये खायचं काय? घरून काय नेता येईल?
– गृहिणी, बार्शी

आधी नेण्याचं सांगते, कारण तिथं नियम कडक आहे. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर काहीच नाही. ताजी भाजी, हिरवी मिरची, कढीपत्ता, आंबे हेही नकोत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र खुशाल न्या. सोलापूरची कडक भाकरी प्रवासासाठीच जन्मली आहे असं मला प्रत्येक वेळी वाटतं. तिथलं टोमॅटो आणि काकडी चिरून घेतली की जेवण होतं. चटणीची पुडी नीट सील करून मोठ्या बॅगेत ठेवा.

लियों हे फ्रान्सचं खाण्याचं गाव म्हणून नावाजलेलं आहे, पण ते खाणं बहुतेक डुकराचं, कोंबडीचं आणि माशांचं. ‘बूशों’ नावाच्या पारंपरिक खानावळींत तुमच्यासाठी फारसं काही नाही. लियोंच्या नावाच्या सॅलडमध्येही डुकराच्या मांसाचे तुकडे आणि अंडं असतं. कांद्याचं सूप मागवू नका, ते बहुतेक ठिकाणी बैलाच्या हाडांच्या रश्शात शिजवतात. ‘सेर्व्हेल द कानू’ नावाचा एक पदार्थ आहे, ताज्या मऊ चीजमध्ये कांद्याची पात, लसूण, मीठ-मिरी, थोडं तेल. पावाबरोबर सुरेख लागतो. पण चीज करताना दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरलेलं असू शकतं, तेव्हा जैन किंवा कडक पाळणाऱ्यांनी विचारूनच घ्यावं.

खरा आधार दोन गोष्टींचा. एक, बेकरीतला बागेत पाव. ‘त्रादिस्यों’ म्हणून मागितलात तर तो पीठ, पाणी, मीठ आणि खमीर एवढ्याचाच असतो, १९९३ पासून तसा कायदाच आहे. क्रुआसाँ आणि केकमध्ये लोणी-अंडं असतं हे लक्षात ठेवा. दुसरा आधार भाजीबाजाराचा. क्रुआ-रूसच्या रस्त्यावर सोमवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. छोटं स्वयंपाकघर असलेली खोली भाड्यानं घ्या, तांदूळ-डाळ दुकानात मिळते, मुगाची खिचडी होते. आम्ही तेच केलं. रोज बाहेर जेवण्याच्या खर्चापेक्षा स्वस्त पडलं आणि पोटही ठीक राहिलं.

पॅरिसमध्ये गार द्यू नोर स्थानकामागं ला शापेल भागात श्रीलंकेच्या तमिळ लोकांची वस्ती आहे. डोसा, इडली, सांबार सगळं मिळतं, आणि तिथंच माणिक विनायकर हे गणपतीचं मंदिर आहे. गणेश चतुर्थीच्या सुमारास त्यांची रथयात्रा रस्त्यावरून निघते, नारळ फुटतात, परदेशी लोक फुटपाथवर दाटीवाटीनं उभे राहतात. तुमचा प्रवास त्या सुमारास असेल तर चुकवू नका.

एक वाक्य कागदावर लिहून घ्या आणि वाढप्याला वाचून दाखवा : ‘ज न मांज नी व्हियांद, नी प्वासों, नी ओफ.’ मांस, मासे, अंडी खात नाही. पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी चांगलं असतं आणि हॉटेलात ‘कराफ दो’ मागितलं की फुकट येतं.

व्हिसाचं सोलापुरातून कसं जमवायचं? एजंट लागतो का?
– शिक्षक, पंढरपूर

एजंट लागत नाही, कागद नीट लावले की झालं. ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडं शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) मागायचा. फ्रान्ससाठी अर्ज आणि बोटांचे ठसे द्यायला पुणे किंवा मुंबई गाठावं लागतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, प्रवासाला पंधरा दिवसही उरले नसताना गेलात तर उशीर. मे महिन्यात जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीतच गाठा, कारण उन्हाळ्यात वेळ मिळणं अवघड होतं. मोठ्यांची फी जून २०२४ पासून ९० युरो. प्रवास विमा कमीत कमी ३०,००० युरोचा हवा. बँकेचं खातेपुस्तक, आयकर विवरण, राहण्याची नोंदणी, विमानाचं आरक्षण आणि तुमच्या बाबतीत शाळेचं रजेचं पत्र. सगळ्यांच्या तारखा एकमेकींशी जुळायला हव्यात, अर्ज अडतो तो इथंच. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर फोटो आणि ठसे घ्यायची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळं विमानतळावर थोडा जास्त वेळ धरा.

यांचं वय ७१, माझे गुडघे दुखतात. झेपेल का?
– एक आजी, होटगी रोड, सोलापूर

आजी, लियों झेपेल. पॅरिसमध्ये जपून.

पॅरिसची मेट्रो जुनी, १९०० पासूनची. पायऱ्याच पायऱ्या, लिफ्ट मोजक्याच स्थानकांत. १४ नंबरची लाइन नवी, तिथं लिफ्ट आहेत. बाकी बसनंच फिरा, खिडकीतून शहरही दिसतं. जानेवारी २०२५ मध्ये मेट्रोचं तिकीट अडीच युरो आणि बसचं दोन युरो झालं, निघण्यापूर्वी ताजा दर बघा. मोंमार्त्रच्या टेकडीवर जायला रुळावरून दोरानं ओढली जाणारी छोटी गाडी, म्हणजे फ्युनिक्युलर, आहे. लुव्रमध्ये चाकाची खुर्ची फुकट मिळते, मागायला संकोच करू नका.

लियोंत मेट्रोच्या बहुतेक स्थानकांत लिफ्ट आहे. एवढं करा : दोन्ही टेकड्या गाडीनं चढा आणि गाडीनंच उतरा. फूर्व्हिएरला जुन्या शहरातून फ्युनिक्युलर जाते आणि थेट चर्चच्या दारात सोडते. तिथल्या कठड्यावरून सगळं शहर आणि दोन्ही नद्या बसल्या जागी दिसतात, आकाश स्वच्छ असलं तर लांबवर आल्प्सची बर्फाची रांगही. बाके आहेत. संध्याकाळी रोनच्या काठी सपाट रस्ता आहे, यजमानांना घेऊन जेवढं जमेल तेवढं चाला. जुन्या शहरात दगडी गोटे आहेत, म्हणून जाड तळव्याचे बूट घ्या, चपला नकोत.

मुलगी एकटीच जाणार आहे. धास्ती वाटते.
– आई, मोहोळ

अंगावर कुणी येईल अशी भीती कमी, खिसा जपायचा. पॅरिसमध्ये गर्दीच्या मेट्रोत फोन हातात धरून दाराजवळ उभं राहू नये, दार बंद होताना हिसकावून पळतात. साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांवर मनगटाला दोरा बांधायला येतात आणि मग पैसे मागतात, हात खिशात ठेवून पुढं जायचं. सही मागायला कागद घेऊन मुलींचा घोळका आला तर थांबायचं नाही. पासपोर्ट खोलीत, छायाप्रत जवळ. विमानतळाहून टॅक्सी केली तर पॅरिस शहरापर्यंत ठरलेलं भाडं असतं, रांगेतल्या अधिकृत टॅक्सीतच बसायचं. मदतीसाठी ११२. आणि दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हणायचं, मग काय हवं ते. हे न म्हणता प्रश्न विचारला तर तिथं ते उद्धट समजतात, म्हटलं तर तीच माणसं मनापासून मदत करतात.

कुठल्या महिन्यात जावं? मला सिनेमाचं वेड आहे, लियोंत त्यासाठी काही आहे का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, अक्कलकोट

एप्रिलअखेर ते जून, किंवा सप्टेंबर. जूनमध्ये पॅरिसला रात्री दहाच्या सुमारास मावळतं, दिवस संपता संपत नाही. ऑगस्टमध्ये पुष्कळ दुकानं सुट्टीसाठी बंद असतात. थंडी सोसणार असेल तर डिसेंबरचा दुसरा आठवडा : ८ डिसेंबरला लियोंत घरोघरी खिडकीत मेणाचे दिवे लावतात. १८५२ पासूनची ही रीत. आता चार दिवस शहरभर रोषणाईचे खेळ असतात, खोलीचं आरक्षण मात्र फार आधी करावं लागतं.

सिनेमाचं म्हणशील तर लुमिएर बंधूंचं गावच हे. १८९५ मध्ये मोंप्लेझिर भागातल्या त्यांच्या कारखान्यातून कामगार बाहेर पडतात ते चित्रण त्यांनी केलं, आणि त्याच वर्षी २८ डिसेंबरला पॅरिसमध्ये तिकीट लावून खेळ केला. सातव्या महिन्यात, ७ जुलै १८९६ ला तो मुंबईत वॉटसन हॉटेलात पोचला. मेट्रोच्या डी लाइननं मोंप्लेझिर-लुमिएरला उतर. त्यांच्या घरात संग्रहालय आहे, आणि कामगार ज्या शेडमधून बाहेर पडले ती शेड जपून तिथं चित्रपटगृह केलंय.

पॅरिसहून लियोंला जायचं कसं?
– एक दांपत्य, बाळे

टीजीव्हीनं, सुमारे दोन तासांत. फ्रान्सची ही पहिली वेगवान रेल्वे याच मार्गावर १९८१ मध्ये सुरू झाली. पॅरिसच्या गार द लियों स्थानकावरून गाडी सुटते, लियोंत पार-द्यू किंवा पेराश या स्थानकांवर उतरता येतं. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. विगो ही त्याच रेल्वेची स्वस्त सेवा आहे, पण तिच्यात सामानाची मर्यादा कडक, आणि काही गाड्या पॅरिसबाहेरच्या स्थानकावरून सुटतात, म्हणून तिकिटावरचं स्थानकाचं नाव नीट वाचा. फलाटाचा क्रमांक गाडी सुटण्याआधी वीसेक मिनिटं फळ्यावर लागतो. तोवर स्थानकातल्या निळ्या-सोनेरी जुन्या उपाहारगृहाचं छत बाहेरून बघून घ्या. डब्याचा क्रमांक फलाटावर लिहिलेल्या अक्षरांशी जुळवून उभे राहा, कारण गाडी लांबलचक असते आणि दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात.